बारा महिने पाणी

नवीन जालना,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. साधना,

अनेक आशीर्वाद. हसनाबादच्या शाळेच्या पत्र्यावर पाऊस कोसळायचा आणि माझी चौथीची पोरं त्याच्याहून मोठ्यानं पावसाची कविता म्हणायची. तो गलका आज सकाळपासून कानात आहे. चाळीस वर्षं झाली. असल्या आठवणी चघळत बसायची माझी खोड तुला ठाऊकच आहे.

इकडे ठीक. गुडघा दुखतो. तीन वर्षं तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

घर विकतोय. सोमवारी रजिस्ट्री.

तू म्हणशील, आता? आई होती तेव्हा तू हेच सांगत होतीस. बोअर संक्रांतीला आटतो, आईनं किती घागरी वाहायच्या? आणि मी म्हणायचो, आपण पारिजात लावलेलं घर कुणी विकतं का! तुझी आई, माझी तुळजा, टँकरच्या चिखलात घसरली, खुबा मोडला, त्यातून उठलीच नाही. मी तेव्हा ओसरीवर शेजारच्या मुलांना कविता शिकवत होतो. तिची हाक ऐकली होती, साधना. कडवं पूर्ण करून उठलो. हे तुला कधी सांगितलं नाही.

आजची किळस त्याहून ताजी आहे. मच्छिंद्र नावाचा दलाल आहे. म्हणाला, "सर, एक तर आत्ता विका, न्हाईतर मंग गणपतीपर्यंत थांबा. उन्हाळ्यात कोरडं घर कोण घेतंय?"

मी म्हटलं, बोअर आत्ताच फुसफुसतोय.

"ते माझ्यावर सोडा. तुम्ही फकस्त गोड बोला. मास्तर हायेत, बोलायला काय खर्चा येतो का?"

गुरुवारी पहाटे त्यानं टँकर आणून गच्चीवरची टाकी भरली. दहाला आमिनाबाई आल्या. नर्स आहेत, नवरा वारला, एक मुलगी. सध्याच्या घरी टँकरच्या रांगेत रोज भांडणं, म्हणून घर घेतायत. त्यांनी नळ सोडला. धो धो धार. ओंजळीत घेऊन प्यायल्या.

"सर, उन्हाळ्यात?"

खोटं बोललं म्हणून मी पोरांना बाकावर उभं केलंय. तोच मी म्हणालो, "बारा महिने पाणी." वर झऱ्यावर एक यमकही जुळवलं. त्या हसल्या. मच्छिंद्रनं मागून पाठ थोपटली. तो हात अजून चिकटलाय. दोनदा अंघोळ केली, तीही त्याच टँकरच्या पाण्यानं. शी!

तेव्हापासून घास तोंडात फिरतो. माझ्याच गोड आवाजाची शिसारी येते. गणपतीपर्यंत थांबावं, तेव्हा बोअर खरंच चालतो, असंही मनाला सांगून पाहिलं. तेही खोटंच. फक्त भिजलेलं.

थांब, दार वाजतंय.

आमिनाबाई! सोमवारच्या आधी येतील असं वाटलं नव्हतं. हातात लिंबाचं रोप. खिडकीतून म्हणतायत, "सर, पोरगी जिद करून राह्यली. आजच लावू द्या ना. बस, दोन बादल्या पाणी लागंल."

टाकी कालच संपली. त्यांना आत घेतो आणि त्यांच्यादेखत मोटर चालू करतो. नळातून नुसती हवा येईल. मग त्या काय बोलायचं ते बोलतील, मी उभा राहून ऐकीन.

हे पत्र पुन्हा वाचायला बसलो तर गोड करून ठेवीन. म्हणून आहे तसंच पाठवतोय.

तुझा,
अण्णा