‘रक्त एक’ आणि यादीचं कुलूप

७ नोव्हें., शुक्र.
रविवारच्या भाषणाची सुरुवात जमली: “आपल्या रुआबांध्यापासून दुर्गच्या पद्मनाभपुरापर्यंतच्या मराठी माणसांनो, घरात रक्त लागलं की आपल्याला दोन मराठी मंडळांच्या रक्तदात्यांच्या दोन याद्या धुंडाळत धावावं लागतं. हे किती दिवस?” शेवट नेहमीचाच. अध्यक्ष म्हणून मी ‘रक्त एक’ म्हणायचं, सभागृहाने ‘घर एक’.
आमची आणि त्यांची यादी जोडण्याआधी दुर्गच्या मंडळाने प्रश्नावली पाठवली आहे. यादी कोण उघडतं, माणूस सोडून गेला की त्याचा पासवर्ड कोण बंद करतं, वगैरे. सगळीकडे ‘हो’ लिहून दिलं. आपली तयारी नाही असं मी लिहिणार?

८ नोव्हें., शनि.
दुर्गहून रजनीताई आल्या. स्टील प्लँटमध्ये कॉम्प्युटरचंच काम करतात. आमच्या सचिव कुंदाताई पासवर्ड सांगणार, तोवर यांनी यादी उघडलीसुद्धा.
“रागवू नका काकाजी. कोजागिरीले तुमच्या भाषणात मी समोरच बसली होती. तुमी शेवटी जे म्हणता, तेच टाकून पाहिलं.”
कुंदाताई म्हणाल्या, “सगळ्यांच्या ध्यानात राहते म्हणून ठेवला होता.”
पडद्यावर दात्यांच्या खाली सिकलसेलवाल्यांची, म्हणजे या रक्ताच्या आजारामुळे ज्यांना वरचेवर रक्त लागतं त्यांची नावं. त्यात आमच्या मंडळातल्या धनराजची मुलगी पिंकी. तिचं लग्न जुळत आलं आहे. मुलाकडे आजाराचं ती स्वतः सांगणार, असं त्यांच्या घरी ठरलेलं. आणि मी चार वर्षं माइकवरून किल्ली वाटत होतो.
रजनीताईंनी हे चारचौघांत नाही, दार लावून सांगितलं. हे उपकार विसरायचे नाहीत.

९ नोव्हें., रवि.
भाषण केलं नाही, सभा पुढच्या रविवारवर ढकलली. रुआबांध्याला धनराजकडे गेलो, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “तुमच्या भरोशावर नाव देल्लं होतं, भाऊ.” आणि उठून आत गेला.
पिंकीने विचारलं, कोणी पाहिलं का. माहीत नाही म्हणालो. कोण उघडून गेलं याची नोंदच हे सॉफ्टवेअर ठेवत नाही. माफी मागून नाव काढून टाकतो म्हणालो.
“नाव काढू नका काकाजी. पुढच्या महिन्यात मले रक्त लागनच. कुलूप बदलवा.”
एवढी भाषणं केली, असं एक वाक्य मला सुचलं नाही.

११ नोव्हें., मंगळ.
रजनीताई आज रजा टाकून बसल्या. जुना पासवर्ड बंद. आता प्रत्येकाचा वेगळा, उघडणाऱ्याची नोंद राहील. आजाऱ्यांची नावं फक्त कुंदाताई आणि मंडळाचे डॉक्टर पाहतील. सॉफ्टवेअर बनवणारा पुण्यात सापडला. उरलेल्या दोन त्रुटी महिन्याभरात दुरुस्त करतो म्हणाला; त्या कागदावर लिहून भिंतीला लावल्या.
प्रश्नावली पुन्हा भरली. अकरा ठिकाणी ‘नाही’. मला वाटलं, जोडणी बोंबलली. ताई हसल्या. “आता जमते, काकाजी. सगळे हो लिवणाऱ्याचा भेव वाटते.”

१५ नोव्हें., शनि.
धनराजचा फोन नाही. मुलाकडचे उद्या येणार आहेत, पिंकी बोलणार आहे. त्यांच्या कानावर आधीच काही गेलं असेल तर... पण नाव तिने यादीत राहू दिलं. त्या पोरीचा मी ऋणी आहे.
उद्याच्या सभेत चूक माझ्या तोंडून सांगणार. ‘रक्त एक’ नाही. शेवट असा:
“घरी जाण्याआधी कुंदाताईंच्या टेबलाशी थांबा. आपला पासवर्ड आपल्या हाताने टाका. कोणाला सांगू नका. मलाही नाही.”