जंबेरीचं एक झाड

औसा रस्ता, लातूर
मार्च १९८७

प्रिय पंचशीला,

सप्रेम जयभीम.

करंडी अजून सोडली नसशील तर सोडू नकोस, आधी हे पत्र वाच. सोडली असशील तर निदान फळांना बांधलेले दोरे काढू नकोस आणि फळं एकमेकांत मिसळू नकोस. करंडी आणणाऱ्या पाहुण्यांना मात्र बसव, चहा पाज. कॉलेजच्या कामाने चंदीगडला जायचंय असं त्यांनी कळवलं, तेव्हा मी मुद्दाम नांदेडजवळ विष्णुपुरीला त्यांच्या कॉलेजात जाऊन करंडी त्यांच्या हातात दिली. तिथून तुझं सोलन किती लांब, असं विचारलं तर या इंजिनिअरिंगच्या मास्तरांनी नकाशा न बघता मोटारीच्या वेळा सांगितल्या. म्हणजे करंडी नसती तरी माणूस येणारच होता. मला जावई पसंत आहे.

लग्नात तुझी काकू पुढे उभी राहणार की नाही, हे तू दोन पत्रांत विचारलंस. जन्म दिलेली आणि वाढवलेली अशा दोघींनी पुढे येऊन मेणबत्ती लावावी, हा तुझा हट्ट मला कळला. तुझ्या वडिलांना, रामकिशनदादालाही, तो मान्य आहे. तुझी काकू काय म्हणते ते मी शेवटी लिहितो. आधी लिहिलं तर मधलं तू घाईने वाचशील, आणि या पत्रात मधलंच महत्त्वाचं आहे.

तुझं दिवाळीनंतरचं ते नाशपातीचं लांबलचक पत्र मला फार उशिरा मिळालं. पत्त्यावर तू अजून जि. उस्मानाबाद लिहितेस. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं उलटली. टपाल आता उस्मानाबादेत फिरून येतं आणि तिथला कारकून त्यावर तांबड्या शाईने रेघ मारून पाठवतो. एम.एस्सी. करणाऱ्या मुलीच्या पत्रावर तांबडी रेघ, हे मला आवडलं नाही. जिल्हा झाल्यापासून इथे कचेऱ्या वाढल्या, जीपा वाढल्या, पाणी मात्र वाढलं नाही. बांधापलीकडचा वीरण्णा म्हणतो, जिल्हा इकडं आला, पाऊस तिकडं उस्मानाबादलाच राहिला. तिकडून येणारे सांगतात, तिथेही नाही. मृगाचा पाऊस तेवढा पडला, त्यावर बहार धरला, आणि मग आभाळ जे कोरडं झालं ते झालंच. विहिरीत आता बादली बुडत नाही, घासते.

पत्र मी तीनदा वाचलं. नाशपाती मी आयुष्यात एकदाच खाल्ली आहे, नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळच्या गाड्यावर. दातांत बारीक वाळू लागावी तशी लागली, म्हणून गाडेवाल्याशी भांडलोही होतो. ती रवाळ असणं हाच तिचा स्वभाव, हे तुझ्या पत्राने कळलं; त्या गाडेवाल्याची माफी आता कुठे मागू? तू लिहिलंस की एकाच झाडाचे डोळे काढून काही कैंथाच्या, म्हणजे रानटी नाशपातीच्या, खुंटावर भरले आणि काही बिहीच्या खुंटावर. हकिमाकडे खोकल्याला मिळतो त्या बिहीदाण्याचं हे झाड, हे तू खुलासा करून लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर मी कुणाला विचारलं असतं? बिहीवरची झाडं ठेंगणी राहिली, लवकर फळली, आणि फळांत गोडी जास्त भरली. जीवनसत्त्वं आणि क्षारही दोन खुंटांवर सारखे आले नाहीत. वरची जात तीच, माती तीच, पाणी तेच. फरक फक्त मातीत गाडलेल्या त्या वीतभर लाकडाचा.

आता तुला माहीत आहे, माझ्या रोपवाटिकेच्या बोर्डावर मी स्वतःच्या हाताने काय रंगवलंय. डोळा चांगला तर फळ चांगलं. माझं शिक्षण चौथी, तेही निजामाच्या राजवटीत उर्दूतून. पुढचं सगळं सरकारी बागेत रोजाने पाणी घालता घालता, माळ्याच्या हाताकडे बघून शिकलो. पण कलमाच्या बाबतीत या तालुक्यात कुणी माझ्या शब्दाबाहेर जात नाही. येईल त्याला मी सांगत आलो की खुंट म्हणजे पाय. पायाचं काम चालण्याचं. चवीचं काम वरच्याचं. रंगपूर लिंबाचा खुंट घ्या, कारण तो दुष्काळात उभा राहतो. जंबेरी लिंबाचा घेतला तर झाड झपाट्याने वाढेल, फळ मोठं येईल, पण पाणी तुटलं की आधी तेच मान टाकेल. एवढंच मी सांगायचो. फळाच्या आत काय फरक पडतो, हा प्रश्न मला कुणी केला नाही आणि मीही स्वतःला केला नाही. तू केलास. पत्राच्या शेवटी मात्र तू लिहिलंस की काका, मीसुद्धा एक कलमच आहे, एका ठिकाणचा डोळा, दुसऱ्या ठिकाणचा खुंट. ते मला पटलं नाही. डोळा भरताना आपण त्याला विचारत नाही. दादा-वहिनी नांदेडला कामाला गेले तेव्हा तुला विचारलं होतं, आणि शाळेचं दप्तर घट्ट धरून तू म्हणालीस, मी इथंच ऱ्हाते. झाडाला असं सांगता येत नाही. अशी वाक्यं प्रबंधात लिहू नकोस.

तुला आठवत असेल, विहिरीकडून निघाल्यावर डावीकडची ओळ जंबेरीवरची आणि उजवीकडची रंगपूरवरची. दोन्ही ओळींतले डोळे एकाच मोसंबीच्या झाडाचे. हे काही मी अभ्यासासाठी केलं नव्हतं. रंगपूरची रोपं कमी उगवली, म्हणून उरलेली ओळ जंबेरीवर केली. बहात्तरच्या दुष्काळात दोन्ही ओळी ऐन भरात होत्या. दादा आणि वहिनी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, आणि तुला त्यांनी आमच्याकडे आणून घातलं तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. घातलं असंच म्हणावं लागेल, कारण तुला उभं राहता येत नव्हतं. सुकडी आणि कोरडी भाकर यांवर पोर राहिलं की काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. हिरड्यांतून रक्त, पायांवर निळे डाग, हात लावला की किंचाळायचीस. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध लिहिलं नाही. म्हणाले, तुमची बाग आहे ना, मग मोसंबी द्या, रोज द्या.

पुढचं तुला अर्धवट माहीत असेल. डाव्या ओळीची फळं मोठी, पिवळीधम्म. लातूरचा व्यापारी तेवढीच उचलायचा. उजव्या ओळीची बारकी, तो ती वगळ म्हणून हाताने बाजूला सारायचा. मोठ्या फळांवर घरात ज्वारी यायची, आणि ती ज्वारी तूही खात होतीस. म्हणून तुझ्या काकूने तुझ्यासाठी बारक्या फळांचा रस काढला. रोज सकाळी, सालीत थेंब राहू नये अशी पिळून. पोळ्याला तू बैल बघायला स्वतःच्या पायांनी वेशीपर्यंत गेलीस. नंतर वहिनी तुला भेटायला आल्या, आणि तू सहज, पोरांच्या बोलण्यात, सांगितलंस की मला बारकीच देतात, मोठी गाडीत जातात. वहिनी दारातच थांबल्या आणि चार बायांदेखत म्हणाल्या, "इकायचा माल गाडीत, आन माझ्या लेकराला वगळ. परकं ते परकंच." मी वहिनींना दोष देत नाही. पोटची पोर दुसऱ्याच्या चुलीवर ठेवून खडी फोडणाऱ्या बाईच्या तोंडून काय निघेल? तुझी काकू आत गेली, उरल्यासुरल्यातली सगळ्यांत मोठी फळं पिशवीत भरली आणि वहिनींच्या हातात दिली. तेव्हापासून दर बहाराला डाव्या ओळीची मोठमोठी फळं नांदेडला जातात. का जातात ते तिने मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तुझं नाशपातीचं पत्र वाचलं त्या दिवशी मी डाव्या ओळीत गेलो. सगळी ओळ वाळत आली होती, फळं गळून पडलेली. शेवटच्या एका झाडावर तेवढी पानं हिरवी होती आणि थोडी फळं धरून होती. मी ते झाड जगवायचं ठरवलं. उजवी ओळ आपली आपण तगून होती; तिला विहिरीतलं उरलंसुरलं पुरायचं. या झाडाला मी आंघोळीचं, भांड्यांचं पाणी घालत आलो. बुंध्याभोवती पाचट पसरलं, माठाला भोक पाडून वात घातली आणि तो मुळाशी पुरला. नंतर नंतर टँकरच्या पाण्यातली माझ्या वाट्याची घागरही तिथेच गेली. वीरण्णा बांधावर उभा राहून म्हणायचा, निवृत्तीराव, मढ्याला पानी पाजून राहिलाव का? रोपवाटिकेत गिऱ्हाइकांना तोच सांगायचा, बोर्डावरच्या अक्षराला इसरा, मालकाचाच डोळा बिघडलाय. तुझी काकू तर फार चिडली. उभ्या जन्मात जंबेरीला नावं ठेवली आन आता प्यायचं पानी तिच्या बुडात घालतंय हे मानूस, म्हणून शेजारी सांगत सुटली. मी घागर ओतत राहिलो. हट्टी म्हणून माझं नाव आहेच, त्यात आणखी थोडी भर.

करंडीत त्या झाडाची फळं आहेत, आणि त्याच्या अगदी समोरच्या, रंगपूरवरच्या झाडाची. एकाच दिवशी, उन्हं चढायच्या आत, दोन्ही झाडांच्या उगवतीच्या बाजूने, छातीच्या उंचीवरून तोडलेली. देठासकट कातरली आहेत, ओढलेली नाहीत. यंदा पाण्याअभावी जंबेरीवरचीही बारकीच राहिली, त्यामुळे बघून ओळखायची नाहीत. एका झाडाच्या फळांना पांढरा दोरा बांधलाय, दुसऱ्याच्या तांबडा. तू लिहिलं होतंस की रसाला गुलाबी रंग येईपर्यंत थेंब थेंब टाकून क जीवनसत्त्व मोजता येतं. तसं मोज. शिळेपणाने ते घटतं म्हणतेस, तर आल्या दिवशीच मोज, पाहुणे बसले तरी चालेल. कुठला दोरा कुठल्या खुंटाचा ते मी आत्ता लिहीत नाही. तुझा आकडा आला की कळवीन. तुझ्यावर माझा विश्वास नाही असं नाही. पण तू तुझ्या काकूच्या बाजूची आहेस, आणि बाजूच्या माणसाचा हात एखादा थेंब कमीजास्त टाकतो. मीही तिच्याच बाजूचा आहे, म्हणून तर हे सांगतोय.

आता तिचं उत्तर. तू मेणबत्तीचं लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. ती निवडत होती ते सूप तिने खाली ठेवलं नाही. म्हणाली, "वगळ चारणारीनं पुढं कशाला यावं? जाऊबाई लावतील. मी मागं बसते, लेकराचं लगीन मागून बी दिसतंय." चौदा वर्षं ते वाक्य तिने तसंच सांभाळून ठेवलंय, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हणालो, अगं पोर उभं राहिलं, चालायला लागलं, आणखी काय पाहिजे? ती म्हणाली, ते तिच्या नशिबानं. माझ्या शब्दाने ती उठणार नाही, आणि तुझ्या हट्टाने उठलीच तर खाली मान घालून उठेल. मला ती मान वर करून उठायला हवी आहे. नाशपातीसारखंच मोसंबीचंही असेल, तर व्यापाऱ्याने बाजूला सारलेल्या फळांत क जीवनसत्त्व जास्त होतं आणि तेच तुझ्या तोंडात गेलं, असं तू तिला लिहू शकशील, आणि ते पत्र मी वहिनींसमोर मोठ्याने वाचीन. उलटं आलं तर तसंच लिही, तेही मी वाचीन. मग मात्र तुला लग्नाच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, बरंच आधी येऊन तिचा हात धरून बसावं लागेल, कारण माझ्याजवळ दुसरा उपाय नाही. बोर्ड पुसायचा की ठेवायचा ते नंतर बघू. आणि करंडीत अगदी वर, जुन्या लुगड्याच्या फडक्यात, बिनदोऱ्याची फळं आहेत. ती मोजायची नाहीत, खायची आहेत. मी करंडी शिवत असताना तुझ्या काकूने ती आणून टाकली. सगळी उजव्या ओळीची, बारकी. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, तिला लहानपणापासून हीच आवडतेत, मी काय करू?

तुझाच,
निवृत्तीकाका