कोचच्या स्थळाची चौकशी

२५ ऑक्टोबर, शनिवार
जिंकलो. आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमची सलग पाचवी मॅच. घसा बसलाय. ह्यांनी मधाचं गरम पाणी दिलं आणि वर टोमणा, "तू ओरडतेस ते त्या पोरांना ऐकू जातं, असं अजून वाटतं का तुला?" जातं. लेफ्ट टॅकलला, म्हणजे समोरच्यांना अडवायला, खेळणारा मार्कस स्वतः म्हणालाय, मिसेस के, तुमचा आवाज वेगळाच येतो. येणारच. अख्ख्या स्टेडियममध्ये "अरे धर त्याला" असं ओरडणारी मी एकटी.

शेजारच्या सीटवरच्या डेलशी आज पुन्हा वाजलं. निवृत्त पोस्टमन, माणूस चांगला, अक्कल बेताची. म्हणतो, पुढच्या वर्षी पोर्टलमधून एखादा तयार क्वार्टरबॅक आणा, मग बघा. डोंबल. जो पोरगा एक कॉलेज सोडून पोर्टलमध्ये नाव टाकून इथे आला, तो उद्या मोठं बोलावणं आलं की आधी पळणार. लहान कॉलेजनं मोठ्यांची नक्कल करूच नये. आजूबाजूच्या गावांतली आडदांड पोरं घ्यायची, पहिलं वर्ष नुसता सराव, दुसऱ्या वर्षी थोडं खेळवायचं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती कुणाच्या बापाला ऐकत नाहीत. लोणच्याची बरणी आठव्या दिवशी उघडून कुणी नावं ठेवतं का. आणि हे केव्हा, तर एकच माणूस जागेवर टिकला तर. आधीचे तीन कोच दोन-दोन वर्षांत पसार झाले. कोच पेल्टन सहा वर्षं टिकलाय. बस, गुपित एवढंच आहे. बाकी टीव्हीवरच्यांची बडबड.

२९ ऑक्टोबर, बुधवार
सकाळी पोहे करत होते, तर फोन. कुणी गृहस्थ, आवाज गोड. एका सर्च फर्मकडून बोलतोय म्हणाला. कोच पेल्टनबद्दल विश्वासातल्या माणसांशी बोलतोय, तुम्ही बावीस वर्षं कॉलेजच्या ॲडव्हायझिंग ऑफिसात खेळाडूंचा अभ्यास बघितलात, दहा मिनिटं मिळतील का. माझ्या लगेच लक्षात आलं. कोचचा करार वाढवायचं घाटतंय, महिनाभर गावात तीच चर्चा. हल्ली साधी खुर्ची घ्यायची तरी कॉलेज बाहेरची कंपनी नेमतं.

गॅस बंद केला आणि बसले. मला सवय आहे. शिकागोच्या मराठी मंडळात कुणाचं जमायचं असलं की मुलाची चौकशी माझ्याकडेच येते. माझा नियम एकच. चौकशीला खोटं बोलायचं नाही आणि हात राखूनही बोलायचं नाही. आपण शब्दांची कंजुषी केली आणि चांगल्या मुलाचं स्थळ हुकलं, तर पाप लागतं.

तर सांगितलं. व्यसन नाही. हरल्यावर पोरांवर खापर फोडत नाही. मार्कस अल्जिब्रात दोनदा नापास झाला, तेव्हा तिसऱ्या खेपेला कोच त्याच्या शेजारी बसून गणितं सोडवायचा, स्वतःला येत नव्हती तरी. घरचंही सांगितलं, ते तर आधी सांगावं लागतं. बायको बेथ, सोन्यासारखी. तिची आई टेनेसीत एकटी, तब्येत नाजूक, पोरीचा जीव सगळा तिकडे. सासूला डॉक्टरकडे न्यायला हा गडी सुट्टीत दहा तास गाडी चालवत जातो. असा जावई दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही, म्हटलं. गृहस्थानं विचारलं, टेनेसीत कुठे? गावाचं नावही सांगितलं. डॉक्टर कोण तेही.

पाऊण तास. पोहे गार. ह्यांनी तसेच खाल्ले. आज फार बरं वाटतंय. करार वाढला तर खारीचा वाटा माझा.

५ नोव्हेंबर, बुधवार
दक्षिणेतल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीनं कोचला काढलं. डेलचा मेसेज, त्यांच्या नव्या कोचच्या यादीत आपला पेल्टन. उडवून लावलं. तो कशाला जाईल? काय कमी आहे इथे? (वारा आणि मका सोडून काय आहे, असं हे म्हणतात. ह्यांना विचारलेलं नाही.)

८ नोव्हेंबर, शनिवार
जिंकलो. आनंद संध्याकाळपर्यंत टिकला.

टेक्सासमधल्या अर्विंगहून लेकाचा, अमेयचा फोन. दर शनिवारी तेच. आई, इकडे या, बाबांचे गुडघे, तो जिना, तो बर्फ. ह्यांनी गेल्या महिन्यात "पुढच्या वर्षी येतो" असं त्याला कबूल करून टाकलंय, मला न विचारता. त्यावर मी अजून तोंड उघडलेलं नाही. विषय बदलावा म्हणून त्या चौकशीच्या फोनचं सांगितलं, मोठ्या कौतुकानं. मग, "आई, व्हॉट डिड यू डू?"

म्हटलं, म्हणजे?

"सर्च फर्म ज्यांना नवा कोच हवाय त्यांच्यासाठी काम करते, आई. तुमचं कॉलेज कशाला विचारेल? त्यांच्याकडे तो ऑलरेडी आहे."

खरंच की. आपल्या घरातल्या मुलाची चौकशी शेजारणीकडे कोण करतं. एवढी साधी गोष्ट, आणि मी...

ती युनिव्हर्सिटी बेथच्या आईच्या गावापासून दोन तासांवर आहे. नकाशात बघितलं. तीनदा बघितलं. दोनच तास.

९ नोव्हेंबर, रविवार
जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "तू नसतं सांगितलंस तर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं." कोच चांगला आहे हे कुणीही सांगितलं असतं. सासूचं कुणी सांगितलं नसतं.

ह्यांना कळायचं नाही. इथे आलो तेव्हा ह्यांना फॅक्टरी होती, अमेयला शाळा. मी वर्षभर खिडकीत. मग ऑफिसात लागले. पोरांच्या मागे लागून पेपर लिहून घेतले, त्यांनी मला ओढून मॅचला नेलं. टीम तेव्हा भिकार, वर्षाला एखादी मॅच जिंकायची. मलाही गावात काळं कुत्रं विचारत नव्हतं. आता दुकानात गेले की कॅशियर विचारते, मिसेस के, शनिवारी काय होणार? मला इथे माणसात आणलं ते ह्या टीमनं. आणि मी काय केलं, तर तिचा कणा काढून परक्याच्या हातात दिला. कौतुक करत करत दिला.

१० नोव्हेंबर, सोमवार
लिहायला लाज वाटते, पण लिहिते. त्या गृहस्थाला उलट फोन केला. मशीन. म्हटलं निरोप ठेवावा, थोडा मोडता घालावा. बोलायला लागले तर दोष सापडेना. म्हटलं, कोच जरा हट्टी आहे. चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या संधीला, बॉल लाथाडून द्यायचा सोडून उगाच धोका पत्करतो. मग काहीच सुचेना, तर म्हटलं, घोरतो फार, त्याची बायकोच सांगते. आणि रडू आलं. तेही रेकॉर्ड झालं असणार.

आजवर कुणाच्या स्थळात मोडता घातला नव्हता.

१५ नोव्हेंबर, शनिवार
हरलो. वाईट हरलो. पोरांचं चित्त थाऱ्यावर नाही. स्टँडमध्ये निम्मे लोक मॅच सोडून फोनमध्ये बातम्या बघतायत. डेल म्हणाला, कोच गेला की पोरंही पोर्टलमध्ये जाणार, आठवड्याभरात टीम साफ. "सहा वर्षं लागली," म्हणाला, "सहा दिवसांत जाईल." एरवी भांडले असते. आज म्हटलं, हो.

मार्कस जाताना वर बघून हात करतो नेहमी. आज केला नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
शिकागोला, डेव्हनवरच्या देशी दुकानांत जाऊन आलो, पावभाजीचा मसाला, पाव, लोणी. जाऊन-येऊन सहा तास ह्यांनीच ड्राइव्ह केलं. येताना गुडघा इतका दुखला की दोनदा थांबलो. अर्विंगला पाच मिनिटांवर मिळतं हे सगळं, म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. कापलेला मका, दुसरं काय.

२६ नोव्हेंबर, बुधवार
थँक्सगिव्हिंगला ज्यांना घरी जाता येत नाही ती पोरं आदल्या दिवशी आमच्याकडे पावभाजीला. यंदा चौदावं वर्ष. बावीस जण आले. कोच आणि बेथ वाढायला, नेहमीसारखे. मार्कसनं अकरा पाव खाल्ले. सगळे हसत होते आणि कुणीच विषय काढत नव्हतं.

स्वयंपाकघरात बेथ भांडी पुसत म्हणाली, "त्या युनिव्हर्सिटीच्या लोकांना आईचं सगळं माहीत होतं. कुठल्या डॉक्टरकडे जाते तेसुद्धा. तुमच्याशिवाय आम्ही कुणाशी बोललोही नव्हतो." संशयानं नाही, सहज म्हणाली. नळ बंद केला आणि सांगून टाकलं. सर्च फर्म, सासू, गावाचं नाव, उलट केलेला फोन, घोरणं, सगळं.

कोच दारात केव्हाचा उभा होता. घोरण्यावर हसला. मग हसायचा थांबला. म्हणाला, "मिसेस के, माझ्या बापानंही माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी कुणाला सांगितलं नाही." मला त्याच्याकडे बघवेना. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बेथनं विचारलं, "तुम्ही आमच्या जागी असता तर?"

उत्तर तयार होतं. लहान टीम कशानं उभी राहते, माणसं टिकली तर, कोच राहिला तर. दर शनिवारी डेलला देते तेच भाषण, जिभेवर आलं होतं. पण हीसुद्धा चौकशीच, आणि नियम माझाच. म्हणून सांगितलं ते असं. माझी आई नागपूरला सात महिने आजारी होती. पोरांच्या फायनल परीक्षा होत्या, मग नवी सेमिस्टर, मग पुन्हा फायनल्स. मी पोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता. भाऊ काही बोलला नाही. अजून बोलत नाही.

जा म्हटलं नाही. राहा म्हटलं नाही. बेथ तेच ताट किती वेळ पुसत होती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
जिंकलो. कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये. कॉलेजच्या आयुष्यात पहिल्यांदा. चौथ्या डाउनला कोचनं धोका घेतला आणि मार्कसनं दोघांना आडवं करून वाट काढली. लोक मैदानात उतरले. डेल लहान पोरासारखा रडला, मला मिठी मारली, म्हणाला, "तुझंच खरं निघालं, पोर्टल लागलं नाही."

ह्या दिवसासाठी किती वर्षं थंडीत बसले. आणि आज आनंद कुठे शिवेचना. खाली पोरांनी कोचला खांद्यावर घेतलं होतं. मी त्याचा चेहरा बघत होते. काही कळलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
उद्या चार वाजता कोच पोरांना सांगणार आहे. काय सांगणार, कुणालाच माहीत नाही. डेलनं दोनदा विचारलं, तुला तर माहीत असेल. नाही माहीत. बेथला फोन करावासा वाटतो. करणार नाही. फोनवर बोलून मी पुष्कळ भलं केलंय.

वरणात मीठ दोनदा पडलं. कोच राहिला तर त्या म्हातारीचं काय, असं वाटतं. गेला तर आमचं काय, असं वाटतं. दोन्हीसाठी देवापुढे उभी राहिले आणि काय मागायचं ते न ठरवता परत आले.

दुपारी मार्कसचा फोन. हात पिठाचे होते म्हणून स्पीकरवर टाकला. एका मोठ्या कॉलेजचं त्याला बोलावणं आहे. आज उत्तर हवंय त्यांना.

"कोच जाणार का, मिसेस के?"

"माहीत नाही रे."

"मग मी काय करू?"

थांब म्हटलं. तुझं अजून एक वर्ष आहे. तेही इथेच खेळ. इथे तुला घडवलंय, वगैरे. माझं मलाच पोकळ वाटत होतं. आयुष्यभर "माणूस टिकला तर टीम टिकते" हे सांगत आले, आणि आज कुठल्या माणसाच्या जिवावर ह्याला टिकायला सांगतेय?

त्यालाही तेच वाटलं असणार. म्हणाला, "कोचचं माहीत नाही. बाकीचे जायच्या गोष्टी करतायत. इथे राहणार कोण?" मग म्हणाला, "तुम्ही तरी आहात ना पुढच्या वर्षी? वरती, स्टँडमध्ये?"

हे समोरच बसले होते. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी, हातात टॅब्लेट, त्यावर अमेयनं पाठवलेले घरांचे फोटो. जिना नसलेली घरं. ह्यांचं बोट थांबलं.

"आहे," मी म्हटलं.

"ओके," मार्कस म्हणाला. "त्यांना सांगतो, उद्यापर्यंत थांबा."

फोन बंद झाला. ह्यांनी टॅब्लेट उपडा ठेवला. चिडले नव्हते, आवाज अगदी साधा होता.

"चौकशीला खोटं बोलायचं नाही, हा नियम तुझाच ना? मग हे आत्ताचं खरं होतं का?"

पीठ वाळून बोटांना चिकटलं होतं, ते काढत राहिले. उद्या चार वाजू देत, म्हटलं, मग सांगते.