मुकी गोळी

४ फेब्रुवारी

आले बाई एकदाची कामावर! निवृत्तीनंतर घरी बसून मी झुरळांनासुद्धा शिस्त लावायला निघाले होते, तेवढ्यात भिंगरीने स्टुडिओत माझी वर्णी लावली. भिंगरी माझी भाची, या सिनेमाची नायिका. बहीण गेल्यापासून ती पोर माझीच. माझ्याकडे सामानाची खोली दिली आहे: आवाज न येणारे टेलिफोन, मेणाची फळं, पुठ्ठ्याच्या पुस्तकांची आख्खी भिंत. दिग्दर्शक म्हणाला, मावशी, इथे सगळं खोटं असतं. म्हटलं, धूळ तेवढी अस्सल दिसते. दुपारपर्यंत दोन धटिंगणांना जुंपून खोली लख्ख करून घेतली. छान झोप लागणार आज.

६ फेब्रुवारी

हत्यारं सांभाळणारे उस्ताद भेटले. मोजकं बोलणारा, नीटनेटका माणूस. मला बरं वाटलं. इथलं रिव्हॉल्व्हर खरं आहे. खोट्या असतात त्या गोळ्या. कॅमेऱ्यात जवळून दिसतात म्हणून हुबेहूब बनवलेल्या, पण आत दारूऐवजी एक छर्रा. कानाशी हलवली की खुळखुळते. नाही खुळखुळली तर खाली ठेवा आणि मला हाक मारा, म्हणाले.

शेवटच्या प्रसंगात हिरो ते रिव्हॉल्व्हर भिंगरीच्या कपाळाला टेकवून चाप ओढणार आहे. रबरी का नाही घेत, असं मी विचारलं. दिग्दर्शकाचं म्हणणं, रबरी बंदूक रबरी दिसते. केवढा हा शोध!

दर शॉटआधी उस्ताद एकेक गोळी वाजवून दाखवतात आणि ‘सुरक्षित’ म्हणून ओरडतात. सगळ्यांनी जवळ येऊन बघायचं आणि ‘पाहिलं’ म्हणायचं, अशी इथली रीत. आज एक जण चहा फुंकत होता, दुसरा मोबाइलमध्ये बुडाला होता, भिंगरी आरशात. ‘पाहिलं’ मात्र सगळ्यांनी झोकात ठोकून दिलं. मी शिकवायचे त्या शाळेतल्या नन्सनी अशांना दिवसभर बाकावर उभं केलं असतं.

७ फेब्रुवारी

सकाळी गोळ्या वाजवताना एक मुकी निघाली. उस्तादांना हाक मारली. त्यांनी ती बाजूला नेऊन उघडली. आत छर्रा नव्हता, दारू होती. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. या डब्यात खरी गोळी येणं शक्यच नाही, असं ते परत परत म्हणत राहिले. मारलं असतं पोरीला!

८ फेब्रुवारी

डब्याला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. तरी आज दोन मुक्या. उस्तादांनी शूटिंग थांबवा म्हणून सांगितलं. दिग्दर्शकाने त्यांनाच घरी पाठवलं. प्रॉडक्शन मॅनेजर मला म्हणाला, उद्यापासून तुम्हीच वाजवा मावशी, खुळखुळा तर आहे. मी म्हटलं, मी शाळेत विज्ञान शिकवलं, बंदुका नाही. आणि खुळखुळा झालाय तो तुमच्या डोक्याचा. तो हसला. सगळेच हसले.

९ फेब्रुवारी

पोलिसांना फोन केला. हवालदार आला. माझ्या हातातली मुकी गोळी त्याने कानाशी धरली – खुळखुळली. स्पष्ट. परत माझ्या हातात आली, तर गप्प. तो हसून म्हणाला, आजी, कान तपासून घ्या.

ती ओळखते. कोणासमोर वाजायचं ते तिला कळतं.

१० फेब्रुवारी

भिंगरीपुढे पदर पसरला. सोड हा सिनेमा. ती आधी चिडली, मग रडली. म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी विचारतंय आणि तू आडवी येतेस. आई असती तर अशी वागली नसती. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, मावशी, सगळे ‘पाहिलं’ म्हणतात ना? मग झालं तर.

त्या कपाळाला मी लहानपणी तेल लावायची.

११ फेब्रुवारी

सगळ्या मुक्या. एकूणएक.

दिग्दर्शकाच्या पाया पडले. मी! तो म्हणाला, उद्या शेवटचा प्रसंग, मग तुम्हाला सुट्टी.

१२ फेब्रुवारी

रिव्हॉल्व्हर आणि डबा घेऊन सामानाच्या खोलीत आतून कडी लावून बसले आहे. दाराला टेबल लावलं. आता घ्या म्हणावं शॉट. बंदूकच नाही तर –

मॅनेजर दार बडवून गेला. वेडी, थेरडी – काय वाटेल ते बोलला. बोल बाबा. मी उघडणार नाही.

बाहेर एकदम शांत झालंय.

कोणीतरी ओरडलं – मिळाली. म्हणे सेटवरच्या टेबलावरच होती, गोळ्यांसकट –

कशी मिळेल? माझ्या मांडीवर –

मांडी रिकामी. डबा रिकामा. कुलूप तसंच.

टेबल ओढलं. कडी सरकत नाही – दोन्ही हातांनी – बोटं सोलली – ओरडतेय, कोणी ऐकत नाही – त्या तिकडे दिवे लागले, फटीतून उजेड –

कोणीतरी ‘सुरक्षित’ म्हणालं. तो आवाज इथल्या कोणाचाच नाही –

सगळे एका सुरात. पाहिलं.

भिंगरी पण. सगळ्यात मोठ्याने, हसत –

नाही गं, नाही पाहिलं, कोणीच नाही पाहि