तुरीसाठी रंगून

२० मार्च २०१६
रंगूनला पोचलो. लातुरात पाऊस नाही, तूर नाही, डाळमिल बंद. मालक माणिकप्पा म्हणाले, "मन्मथ, ब्रह्मदेशात तूर लई पिकते म्हणं. तू जा, तिथंच मुक्काम टाक." सगळ्या स्टाफमधून मलाच निवडलं. कुठल्याही मुलखात मी लगेच मिसळतो. बिदरला राहून आलोय.
संकल्प : महिन्यात बर्मी बोलायचं.

२२ मार्च
घरमालकीण दॉ खिन. हिंदी मोडकंतोडकं बोलते. इथं लोक लुंगीवर बँकेत जातात. हॉटेलात एकजण माझ्याकडं बघून मुके घेतल्यासारखा पुचपुच आवाज काढायला लागला. उठून आलो. दॉ खिन म्हणाली, वेटरला असंच बोलावतात. वेटर माझ्या मागं उभा असणार. मला अंदाज होताच.

२५ मार्च
पक्का शाकाहारी आहे असं दॉ खिनला नीट समजावलं. भाजी छान झाली. चव जरा वेगळी. इथल्या पाण्याचा गुण.

२६ मार्च
दॉ खिन भाजीत वाळकी मासळी कुटून घालते. तिच्या मते ते मांस नाही, मसाला. दिवसभर केळी. प्रायश्चित्त म्हणून लिंगपूजा दोनदा केली. बायकोला सांगायचं नाही.

१ एप्रिल
तुरीचे व्यापारी ऊ तिन भेटले. मी भाव सांगितला. हसून म्हणाले, "या बा दे." या बाबा, देतो. आपल्यासारखंच बोलतात की. माल नक्की ना, विचारलं. पुन्हा "या बा दे." माणिकप्पांना कळवलं, सौदा पक्का. ते मिलची माणसं परत बोलवायला लागले.

८ एप्रिल
ऊ तिन भेटत नाहीत. फोनवर मात्र गोड बोलतात. तोंडावर नाही म्हणत नाहीत, हा या लोकांचा मोठा गुण.

१२ एप्रिल
दानम्माचा फोन. लातुरात रेल्वेनं पाणी आलं. "आपल्या गल्लीत अजून न्हाई. पण आलंय म्हणत्यात." बायकोला धीर दिला. उद्या ऊ तिनच्या गोदामासमोर ठाण मांडायचं.

१३ एप्रिल
कोपऱ्यावरच पोरींनी डोक्यावर बादली ओतली. पुढं ट्रकवरून पाइपनं फवारे. नवीन वर्षाचा सण म्हणे. बाजार, बँका, गोदाम, सगळं बंद. चांगलं पिण्यासारखं पाणी गटारात चाललेलं. एका म्हाताऱ्याचा हात धरला. बाबा, असं सांडू नका म्हणालो. तो प्रेमानं "या बा दे" म्हणाला आणि तांब्या माझ्या मानेवर रिकामा केला. फुटपाथवर बसून रडलो. ओलाच होतो, कुणाला कळलं नाही.

१७ एप्रिल
दॉ खिनला "या बा दे"चा अर्थ विचारला. म्हणजे असू दे, चालतंय. नको असलं तरी तसंच म्हणतात. तिनंच फोन करून विचारलं. ऊ तिननं माल आधीच दुसऱ्याला दिलेला. माणिकप्पांना सांगितलं.  ते म्हणाले, "माणसं दारात येऊन बसल्यात, मन्मथ. त्यांना काय सांगू?" मी म्हणालो, आवाज येईना. फोन ठेवला.

१८ एप्रिल
परत जायचं ठरवलं. दानम्माला सांगितलं. ती म्हणाली, "पाऊस पडंस्तोर तिकडंच राहा की. टँकरवाला घरटी एकच ड्रम देतो. तुमी नसल्यानं पुरून उरायलाय."
बरं म्हटलं.
लई दिवसांनी आज डोक्यावरून न्हाली म्हणे. आवाज खुशीत होता. माझा फोन आला की ती अशीच खुलते.