मंदारला कोण जेवायला घालणार

गुरुवार, १८ ऑक्टो. २००७. कायझर्सलाउटर्न

युनिव्हर्सिटीच्या फिल्मक्लबात न्यूझीलंडचा सिनेमा. शहरात येऊन पडलेलं तिथलं मूळनिवासी माओरी कुटुंब, सरकारी फ्लॅट, कारखान्यातून काढलेला बाप. गल्लीत सगळ्यांचा लाडका. कुणाची गाडी बंद पडली की हा हजर, हसतमुख. आणि घरी बायकोला तुडवतो. शेजारच्यांना आवाज ऐकू येतो, ते रेडिओ मोठा करतात. मला बापापेक्षा त्या रेडिओवाल्यांचा जास्त राग आला. सिनेमाभर मुठी आवळून बसले होते.

नंतर कॉफी आणि चर्चा. एक जर्मन बाई म्हणाली, त्या संस्कृतीत बायकांना फार सहन करावं लागतं. त्या संस्कृतीत! मग आमचा मंदार उठला. माझ्या नवऱ्याच्या, अजितच्या ऑफिसातला, मराठी मंडळाचा गायक, नवीन आलेल्या प्रत्येकाचं कपाट जोडून देणारा. जमीन गेली, मुळं तुटली, दारू आली, असं बराच वेळ. शेवटी, "आमच्याकडे कुटुंबव्यवस्था भक्कम आहे, म्हणून आम्ही जाऊ तिथे टिकतो." जर्मन माना डोलल्या. गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर. अजित म्हणे, मस्त बोलला. डोंबल मस्त.

बसस्टॉपवर मंदारच्या बायकोने, रेवतीने, हळूच विचारलं, "ती पोलिसांना का नाही बोलवत?" मंदार म्हणाला, "मग सिनेमा कसा होणार?" सगळे हसले. रेवतीने मफलर नीट केला. बस वेळेवर आली.

रविवार, २८ ऑक्टो.

आज घड्याळं मागे. एक तास जादा मिळाला, तो असा गेला.

सकाळी अजित मंदारला घेऊनच दारात. बरोबर स्पोर्ट्स बॅग. मला आधी फोन नाही, काही नाही. काल संध्याकाळी ह्याने रेवतीला मारलं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जर्मन बाईने पोलीस बोलावले. पोलिसांनी ह्याची किल्ली काढून घेतली. दहा दिवस घराकडे फिरकायचं नाही. इथला कायदाच आहे, मारणाऱ्याने बाहेर जायचं. कायदा चांगला आहे. बाहेर म्हणजे माझ्या घरात, एवढं फक्त कुणी बोललं नव्हतं.

मंदार टेबलाशी बसून मला सांगतो, "वहिनी, त्या म्हातारीला नसत्या चौकशा. नवराबायकोत व्हायचंच थोडंफार." थोडंफार! अजित म्हणे, "जाऊ दे रे मंद्या, जेव तू आधी."

आणि तो जेवला. आमटी दोनदा घेतली. "तुमच्या हातची आमटी म्हणजे वहिनी…" मीच वाढली. माझा हात चाललाच कसा? दिवसभर त्या हाताचाच राग येतोय.

सोमवार, २९

हाफ डे टाकून रेवतीकडे. दार उघडायला वेळ लावला तिने. ओठ फाटलाय. डावा कान सुजलाय, त्या बाजूने कमी ऐकू येतंय म्हणाली. तिची सई तीन वर्षांची, माझ्या पर्समधून वस्तू काढून जमिनीवर मांडत बसली होती. फ्रीजमध्ये दूध आणि अर्धा कोबी.

इतक्या मराठी घरांतून तिला एक फोन नाही. म्हणजे एक आला. "मंदारचा जाड स्वेटर कुठे ठेवलायस गं, थंडी वाढलीय." खालची जर्मन बाई सूप आणून देते. रेवतीला ते सूप आवडत नाही, तरी पिते.

"पहिल्यांदा नाहीये, ताई. लग्नाला सहा महिनेपण झाले नव्हते." भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं तिने. मी काय करत होते इतके दिवस? तिच्याकडे हळदीकुंकवाला जात होते.

पोलीसबाई तिला सगळं समजावून गेलीय. सहा तारखेच्या आत कोर्टात अर्ज केला तर त्याला कितीतरी महिने लांब ठेवता येईल. नाही केला तर सहाला तो किल्ली घेऊन घरी. रेवतीला जर्मन जेमतेम येतं. म्हटलं, मी येते बरोबर, बोलायचं काम माझं. "बघू," म्हणाली. बघू! कान फुटायची वेळ आली आणि म्हणे बघू.

मंगळवार, ३०

साठेकाकूंचा फोन. काकू इथल्या सगळ्यांत जुन्या, मंडळ त्यांच्या शब्दावर चालतं. स्वेटरचा फोनही त्यांचाच होता.

"मंजिरी, सगळा भार तुझ्या एकटीवर नको. मी मंदारचे वार लावलेत. उद्या आमच्याकडे, गुरुवारी कुलकर्ण्यांकडे, शुक्रवारी पेंडसे. झोपायला तेवढा तुमच्याकडे."

वार! पूर्वी गरीब मुलांना वार लावून जेवायला घालायचे. आमचे आजोबा शिकले ते सात घरी जेवून. लोक पुण्य म्हणून करायचे ते. आणि इथे बायकोचा कान फोडून आलेल्या धडधाकट इंजिनियरला वार लावतायत, बिचाऱ्याचे जेवायचे हाल नकोत म्हणून!

विचारलं, "काकू, रेवती कुठल्या वारी कुणाकडे जेवणार?"

"तिला काय गं, तिच्याकडे घर आहे, स्वयंपाकघर आहे."

मी फोन आपटला. मोठ्या माणसांचा फोन आजवर कधी आपटला नव्हता.

बुधवार, ३१

आमच्या इराने नाश्त्याला बॉम्ब टाकला. आठ वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तिच्या वर्गातली एक मुलगी रेवतीच्या बिल्डिंगमध्ये राहते. सरळ विचारलं, मंदारकाकाने रेवतीमावशीला मारलं का?

अजित: "नाही गं, पडली ती."

मी: "हो. मारलं."

मंदार समोरच. टोस्टला लोणी लावत होता, लावतच राहिला.

मग बेडरूमचं दार लावून भांडण.

"मुलीसमोर बोलायची काय गरज होती?"

"मुलीसमोर खोटं बोलायची होती?"

"मित्र आहे माझा. रस्त्यावर टाकू त्याला?"

"हॉटेलं ओस पडलीयत गावात."

"बोभाटा झाला, त्याची नोकरी गेली, तर रेवती काय खाणार?"

बघा. रेवतीच्या पोटाची आठवण झाली ती इथे. अजित वाईट माणूस नाही, माझ्या अंगावर कधी हात उगारलेला नाही. त्यामुळेच त्याला वाटतं की ह्या प्रकरणात त्याचा काही दोष नाही. सांगून टाकलं, तो ह्या घरात आहे तोवर मी शेगडी पेटवणार नाही. इराला शाळेतून आल्यावर बाहेर खायला घालेन.

शुक्रवार, २ नोव्हें.

काल सुट्टी, आज जोडून अर्धं गाव रजेवर. कोर्टात फोन कुणी उचलत नाही. सोमवारी सकाळी जायचं.

माझा संप चालू. अजित पिझ्झा आणतो, इरा खूश. मंदारने विचारलं, "वहिनींना बरं नाही का?" अजित म्हणे, "हो, जरा डोकं." डोकंच! ठिकाणावर असलेलं ह्या घरातलं एकमेव डोकं.

दुपारी रेवतीकडे. नाशिकहून सासूचा फोन येऊन गेला होता. "एवढ्यातेवढ्यावरून पोलीस? आम्ही नाही का दिवस काढले?" तिची स्वतःची आईपण तेच. "दिवाळी तोंडावर आलीय, आत्ता नको काही." जसं काही दिवाळीनंतरचा मुहूर्त आहे.

शिवाय व्हिसा. मंदारने तिच्या मनात भरवलंय की त्याला सोडलं तर व्हिसा जाणार, तिला परत पाठवतील आणि सई त्याच्याकडे राहील. मारहाण झालेल्या बायकांसाठी इथे एक सल्लाकेंद्र आहे, तिथल्या बाईंना मी तिच्यासमोर फोन लावला. त्या म्हणाल्या, मारहाण असेल तर वेगळा विचार होतो, आम्ही मदत करू, घाबरू नका. रेवतीला पुन्हा पुन्हा सांगितलं. मान हलवते, हलवते, आणि मग म्हणते, "पण मंदार म्हणतो…"

इतका संताप आला. तिच्यावर! ज्याच्यावर यायचा तो कुलकर्ण्यांकडे नाहीतर पेंडशांकडे श्रीखंड ओरपतोय आणि मी ओरडणार कुणावर, तर जिचा ओठ फाटलाय तिच्यावर. ट्रामसुद्धा नाही ह्या गावात, चालत घरी आले चढावरून.

रविवार, ४

साठेकाकूंकडे सगळ्यांचा मिळून फराळ, दरवर्षीसारखा. जायचं नव्हतं. गेले, कारण सगळ्यांसमोर बोलायचं होतं. रेवतीला बोलावलंच नव्हतं, "तिला कशाला त्रास." मंदार मात्र हॉलमध्ये पुरुषांबरोबर, शनिवारच्या दिवाळी कार्यक्रमाची तालीम करत होता. गळा चांगला आहे मेल्याचा. आत बायका करंज्या भरता भरता कान देऊन ऐकतायत. "काय गातो ना?"

मी म्हटलं, उद्या रेवतीला घेऊन कोर्टात जातेय.

पेंडसेबाईंचा सोऱ्या थांबला. "अगं, घरातलं घरात मिटवावं. परक्या देशात आपलीच शोभा."

"त्या माओरी सिनेमाला तुम्ही होतात ना? ते शेजारी रेडिओ मोठा करतात, तेव्हा तुम्हीच म्हणालात, काय माणसं आहेत ही. आता बाहेर कोण गातंय आणि ऐकतंय कोण?"

मग साठेकाकू, कढईवरची नजर न काढता, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "ह्यांचाही हात उठायचा गं. नवीन आलो होतो तेव्हा. ऑफिसात ह्यांना त्रास होता फार. पुढे सुटलं आपोआप. टिकलं ना घर?"

काका बाहेर मंदारला तबल्याची साथ करत होते.

"टिकलं म्हणजे काय, काकू?"

काकूंनी चकल्या उलटल्या. "जळतील," म्हणाल्या.

काकूंवर चिडायला म्हणून गेले होते आणि आता चिडता येईना, त्यामुळे जास्तच चिडले. काकांचा तर चेहरा बघवेना. पीठ तसंच टाकून निघाले. अजित मागे राहिला, तालमीला टाळ वाजवायला.

सोमवार, ५ नोव्हें.

सगळं आत्ताच लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी आम्ट्सगेरिश्ट, म्हणजे इथलं कोर्ट. रेवती आली! सईला खालच्या म्हाताऱ्या बाईकडे ठेवून. बाहेर बाकावर बसलो होतो, आमचा नंबर व्हायचा होता. तर मला म्हणते, "ताई, तो घरी नाही आला तर जेवेल कुठे?"

माझा तोल गेला. ओरडले मी तिच्यावर, भर कोर्टात, मराठीत. "अख्खं गाव घालतंय त्याला जेवायला! तुला विचारलं का कुणी? एकीने तरी विचारलं का?" लोक वळून बघायला लागले. तिचं तोंड असं झालं की वाटलं, संपलं, आता उठून घरी जाणार. आणि तिला घालवणारी मी.

उठली. पण आतल्या खोलीत गेली, नंबर व्हायच्या आधीच. तिथल्या बाईंसमोर उभी राहिली आणि स्वतःच, तिला येतं तेवढ्या जर्मनमध्ये, "इश विल निश्ट मेअर." मला आता नकोय. बाईंनी विचारलं, काय नकोय? मग ती बसली आणि मराठीत सुरुवात केली, पार पुण्यातल्या पहिल्या भाड्याच्या जागेपासून. मी एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगत गेले. एकदा माझाच आवाज फुटला, तर हीच थांबली, मला म्हणाली, "पाणी प्या ताई." सही केली. निर्णय बहुतेक उद्या येईल, बाई म्हणाल्या. बाहेर येऊन दोघींनी एकेक ब्रेत्सेल खाल्लं. तिने अख्खं संपवलं.

घरी आल्यावर अजितला सांगितलं. कशाला सांगितलं? नवऱ्याला सांगायची सवय, दुसरं काय! त्याचा चेहरा पडला. "मंद्याला कळायला हवं. निदान एकदा बोलायची संधी नको का द्यायला?" मंदार आतल्या खोलीतून सगळं ऐकत होता. दोघं गाडी घेऊन गेले. कुठे विचारलं तर अजित म्हणे, "जरा फिरवून आणतो, शांत होईल."

सातच्या सुमारास रेवतीचा फोन, कुजबुजत. "ताई, बेल वाजतेय. अजितदादांचा आवाज आहे."

मागे ऐकू येत होतं. माझा नवरा, इराला गोष्ट सांगतो त्याच आवाजात. "रेवती, उघड गं, मी आहे ना. दोन मिनिटं बोलायचंय त्याला. तसंही उद्या संपतंच आहे." मी आहे ना! लाज वाटली नाही बोलताना. आणि मग दारावर धक्का. तो अजितचा नव्हता, एवढं मला कळतं.

तिला म्हटलं, साखळी लाव, सईला घेऊन आतल्या खोलीत जा, कुणीही हाक मारली तरी उघडू नकोस. फोन ठेवला, पोलिसांना लावला. पत्ता सांगितला. दाराबाहेर कोण आहे, विचारलं. मंदारचं नाव सांगितलं. आणखी कोणी? हो, आहे. अजितचं नाव सांगितलं, आडनावासकट. पलीकडची बाई लिहिता लिहिता थांबली. हे तर तुमचंच आडनाव. तुम्ही त्यांच्या कोण?

बायको, म्हटलं.

त्यानंतर रेवती फोन उचलत नाहीये. अजितही नाही. इराला बूट घालायला सांगितलेत. तिला तिथे न्यावं की नाही कळत नाही, पण इथे बसवत नाही.