तुझ्या पाठीवर ठेवलेला पाय

माय, काल सुनेची कंबर धरली. गॅसचं सिलेंडर सरकवायला वाकली आणि तशीच अडकून राहिली. नातवाने रबरी पिशवीत गरम पाणी भरून दिलं, मुलाने कसलंसं मलम चोळलं, आणि ती पालथी पडल्या पडल्या हसत म्हणाली, "आई, तुम्ही पायाळू ना? लावा की एकदा पाय." गमतीतच म्हणाली. मी उठले आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. तिला वाटलं, मला राग आला. राग नव्हता. आज दुपारी घरात कुणी नाही, म्हणून नातवाची अर्धी कोरी वही घेऊन बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली. तरी हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

मी पायांकडून जन्मले. तू दोन दिवस कळा देत होतीस, सुईणीने आशा सोडली होती, हे तू सगळ्यांना सांगायचीस, आणि सांगताना तुझा चेहरा असा खुलायचा की जणू तो त्रास नसून काही मिळवलं होतंस तू. पायाळू माणसाने डावा पाय तीनदा लावला की पाठीतली उसण उतरते, असं आपल्याकडे मानायचे. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी पाच-सहा वर्षांची असेन. त्याच पावसाळ्यात पाटलाच्या सुनेची पाठ धरली आणि मला उचलून तिच्याकडे नेलं. ती दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत, चिखलात उतरली. झालं, तेव्हापासून चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या चार-पाच गावांत माझं नाव झालं. धानाची रोवणी लागली की बाया दिवसभर चिखलात वाकून पऱ्ह्यांची कोवळी रोपं लावायच्या आणि संध्याकाळी एक हात कमरेवर धरून आपल्या अंगणात यायच्या. कुणी नारळ आणी, कुणी गूळ, कुणी बांगड्या. त्या ओसरीवर पालथ्या पडायच्या, मी भिंतीला हात टेकून पाय ठेवायची. एवढ्या मोठ्या बाया माझ्या पायाखाली डोळे मिटून पडतात, ह्याचं मला काय सुख होतं, माय! शाळेत मी कुणी नव्हते. अंगणात मी कुणीतरी होते.

मी तेरा वर्षांची झाले त्या साली तुझी पाठ दुखायला लागली. सुरुवात धानाच्या कापणीत झाली. तू कुणाला बोलली नाहीस. धानाचा कोंडा तव्यावर भाजायचीस, फडक्यात बांधून पुरचुंडी करायचीस आणि चुलीपुढे बसून स्वतःच पाठीमागे हात नेऊन शेकायचीस. हात पोचेना तेव्हा मला हाक मारलीस. मग रोज संध्याकाळी ते माझं काम झालं. भाजलेल्या कोंड्याचा तो खरपूस वास, तुझ्या लुगड्याला लागलेला मोहाच्या तेलाचा वास, आणि तुझं "थोडं खाली, पोरी, थोडं अजून खाली" हे आत्ता लिहितानाही मला ऐकू येतंय. शेकल्यावर तुला घटकाभर बरं वाटायचं, तेवढ्यात तू भाकरी थापून घ्यायचीस. होळीपर्यंत तुला खाली पडलेलं काही उचलायचं असलं तर गुडघ्यावर हात ठेवून, पाठ ताठ ठेवून बसावं लागायचं. संध्याकाळी अंगात तापाची कसर यायची. तू बारीक होत चालली होतीस. बाबा म्हणायचे, "कामाचं दुखणं होय, आरामानं जाईल." आराम कुठला होता?

मला पाय लावायला मात्र तू कधी सांगितलं नाहीस. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "मायच्या अंगाले लेकीनं पाय लावाचा नाही." मला ते पटलं होतं. पण रोवणीच्या दिवसांत अंगण बायांनी भरलेलं असताना शेजारच्या काकूने तुला भिंत धरून उठताना पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "काय वं पोरी, साऱ्या गावाच्या पाठी बऱ्या करतेस, अन् मायची काऊन नाही करत? का तुह्या पायात आता काही राहिलं नाही?" बाया हसल्या. मला ते हसू असं लागलं, माय, की तुझं दुखणं बाजूलाच राहिलं. मी तुझा हात धरला. म्हटलं, "झोप तू. आत्ताच झोप." तू म्हणालीस, "राहू दे, पोरी, माही पाठ तशी नाही." मी ऐकलं नाही. "सगळ्या पाहून राहिल्या, माय," असं मी तुझ्या कानात म्हटलं. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि पालथी झालीस.

इतर बायांना मी नुसता पाय टेकवायची. तुझ्या वेळी मला दाखवायचं होतं, म्हणून मी भार दिला. तुझ्या पाठीच्या मधोमध एक हाड वर आलेलं होतं, सुपारीएवढं. शेकताना फडक्यावरून ते मला कधी जाणवलं नव्हतं. अनवाणी तळव्याला लगेच कळलं. पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हाच तू उंबऱ्याचं लाकूड घट्ट धरलंस. बोटं पांढरी पडली. मी थांबायला हवं होतं. पण तीनदा लावायचा असतो, आणि बाया मोजत होत्या. मी तीनदा लावला. मग तू उठून बसलीस, पदर सारखा केलास, ओठांत रक्ताचा ठिपूस नव्हता तुझ्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "बरं वाटलं वं बाई. एकदम मोकळं झालं." काकू कौतुकाने माझ्या गालावरून हात फिरवून गेली. त्या पावसाळ्यात माझ्याकडे आधी कधी नव्हत्या इतक्या बाया आल्या.

आणि तुला पाठ बरी झाल्याचं सोंग पुढे न्यावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून तू पुन्हा रोवणीच्या ओळीत उभी राहिलीस. कोंड्याचं शेकणंही बंद केलंस, कारण शेकताना कुणी पाहिलं असतं तर माझा गुण खोटा ठरला असता. मला हे सगळं कळत होतं. मी तव्यावर कोंडा टाकून तुला "चल, शेकून देते" म्हणू शकले असते. दार लावून घेतलं असतं तर कुणाला दिसलं नसतं. मी म्हटलं नाही. वीसेक दिवस गेले असतील. एका दुपारी तू बांधीत मटकन बसलीस ती उठलीच नाहीस. मी धावत आले तर तू चिखलातच बसून होतीस आणि म्हणालीस, "पाय सापडून नाही राहिले वं मले." मी तुझे पाय चिखलातून वर काढले, चोळले. तू विचारलंस, "धरले का तू?"

बैलबंडीतून तिरोड्याला, तिथून रेल्वेने गोंदियाला. डॉक्टर परगावचा होता, हिंदी बोलायचा. त्याने फोटो काढला, तो उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "ये कमर का दर्द नहीं है. हड्डी की टीबी है." मग बाबांवर ओरडला, इतके महिने काय करत होतात म्हणून. आणि तुझ्या पाठीवर वाकून, बोटाने चाचपत, त्याने विचारलं, "यहाँ किसी ने दबाया तो नहीं? पाँव-वाँव तो नहीं रखा किसी ने?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे पाहिलं. तू पालथी होतीस, तोंड भिंतीकडे, आणि तिथूनच म्हणालीस, "नाही जी. कोणीच नाही."

पुढचं वर्ष-दीड वर्ष तू फळीवर, प्लास्टरमध्ये. सुया टोचून टोचून तुझ्या दंडांना जागा उरली नव्हती. मी शाळा सोडली, तुझं सगळं केलं. गावाने माझं कौतुक केलं, लेक असावी तर अशी म्हणून. एकदा पलीकडच्या गावची एक बाई नारळ घेऊन अंगणात आली. तू आतून खाटेवरून हाक देऊन तिला म्हणालीस, "जा, बाई, घरी. माह्या पोरीच्या पायाले आता गुण नाही राहिला." तू मला त्यातून सोडवत होतीस, हे मला समजायला पुढे माझी स्वतःची मुलं मोठी व्हावी लागली. त्या दिवशी मला नुसता संताप आला. मी आत येऊन तुला म्हटलं, "तूच तर म्हणाली होती, बरं वाटलं म्हणून. मी काय करू?" तुला मान वळवता येत नव्हती. तू छपराच्या कौलांकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "हो. मीच म्हणाली होती." एवढंच. त्यावर मी बाहेर जाऊन भांडी घासली.

तुझे पाय परत आले. कुबड राहिलं, काठी राहिली, बांधीत मात्र तू पुन्हा कधी उतरली नाहीस. बांधावर बसून दुसऱ्यांची रोवणी पाहायचीस. पुढे बऱ्याच वर्षांनी मी एका डॉक्टरीणबाईंना, दुसऱ्याच कुणाचं सांगते आहे असं भासवून, विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मुलीच्या पायाने रोग झाला नाही, तो आधीच होता. पण तेवढे दिवस वाया गेले हे वाईट झालं. मी घरी येताना पहिलं अर्धंच मनात घोकत आले.

हे पान फाडून मी चुलीत घातलं असतं, पण आता घरात चूल नाही. वहीतच राहू दे. एक शेवटचं लिहिते. तू गेलीस तेव्हा मी सासरहून आले, तुझ्या अंगावर पडून रडले, बायांनी मला ओढून बाजूला नेलं. ते रडणं खरं होतं, माय. पण त्या रडण्यात एक क्षण असा आला की मला सुटल्यासारखं वाटलं. बाबा आधीच गेले होते. त्या दिवशी अंगणात बायांनी नुसता पाय पाहिला होता; तुझं बरं वाटणं खोटं होतं आणि ते मला कळलं होतं, हे माहीत असलेलं आता कुणीच उरलं नव्हतं.